आईला महारोग नव्हताच

मंडळी, आज सकाळी पनवेलमध्येच डॉक्टरांकडे गेले होते. महिनाभर माझ्या उजव्या मांडीची बाहेरची बाजू जळतेय, आणि हात लावला तर बधिर.

डॉक्टर म्हणाले, "आजी, कमरेपाशी नस दाबली गेलीय. परकराची नाडी सैल बांधा. बहुतेक बरं होईल."

मी तिथेच रडायला लागले.

१९५६ साली माझ्या आईला हेच झालं होतं. मिठागरात काम करताना ती लुगडं कमरेला घट्ट आवळायची. तिच्या सासूने एकदा तिच्या मांडीत सुई टोचून पाहिली. आई म्हणाली, "काय कलत नाय."

सासू किंचाळली, "महारोग हाय हिला!"

त्याच दिवशी आईला गावाबाहेरच्या खोपटात ठेवलं. मी आठ वर्षांची होते. रोज भाकरी दगडावर ठेवून मागे फिरायचे. "जवल येव नको गो," ती आतूनच सांगायची. दुसऱ्या पावसाळ्यात ती तिथेच तापाने गेली. हातापायाची बोटं शेवटपर्यंत धड होती, तरी कोणाला शंका आली नाही.

त्या दोन वर्षांत मी तिला एकदाही शिवले नाही. हे कळल्यावर आता कसं जगायचं, सांगेल का कोणी?