मागच्या सायकलची केरसुणी

माझ्या सायकलच्या सीटखाली सरांनी केरसुणी बांधली. शहापूरच्या हॉटेलच्या आवारात, सकाळी सात वाजता, अकरा पाहुण्यांसमोर. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या घट्ट आवळल्या, एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "आता कशी खरी स्वीप दिसतेस!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "अशीच उभी राहा, हलू नकोस." फोटो निघाले.

आणि मी हसले.

हे आधीच सांगून टाकते, मागाहून कोणी विचारायला नको. मी दात काढून हसले.

स्वीप म्हणजे ताफ्यातला सगळ्यात शेवटचा सायकलस्वार. दमलेल्यांना सोबत करायची, पंक्चर काढायचं, कोणाला मागे सोडायचं नाही. सर पैसे घेऊन पाहुण्यांना सायकलवर फिरवतात, तशी ही चार दिवसांची सफर होती. पहिल्या दिवशी तानसा फिरून पुन्हा शहापूर, दुसऱ्या दिवशी मुरबाडवरून माळशेजच्या पायथ्याशी, मग घाट चढून पलीकडे. सरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की परदेशातल्या मोठ्या शर्यतीत शेवटच्या गाडीला झाडू बांधतात. मागे पडलेल्यांना झाडून आणायचं, अशी गंमत. गंमतच ती. मग त्यांच्या व्हॅनला का नाही बांधली? हे मला त्या वेळी सुचलं नाही. मला सगळं उशिरा सुचतं.

मी मुरबाड तालुक्यातली. टोकावड्याच्या अलीकडच्या फाट्यावरून आत गेलं की आमची बौद्धवाडी. आठवीत शाळेतून सायकल मिळाली, तेव्हापासून पाय थांबले नाहीत. मुरबाडच्या कंपनीत पॅकिंगला लागले तेव्हा रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. त्याच रस्त्यावर एकदा सरांच्या ताफ्याला मी मागे टाकलं. साध्या सायकलवर, चप्पल घालून, डबा हँडलला लटकवून. सरांनी गाठून नंबर मागितला. अशी मी स्वीप झाले. म्हणजे पुढे गेले म्हणून मला मागे ठेवलं.

तानशाच्या रस्त्यावर खड्डा आला की केरसुणी खाली लवायची आणि टायरला घासायची. सर्र. पुन्हा सर्र. जंगलातला रस्ता, बाकी कसला आवाज नाही. मागे कोणीतरी झाडत येतंय असं वाटायचं. मी दोनदा वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, मागची मीच होते.

आमच्या विहारात दर वर्षी कोणी ना कोणी सांगतंच. आपल्या माणसांना कमरेला झाडू बांधून चालायला लावायचे. आपलीच पावलं आपणच पुसत जायचं. लहानपणी ते ऐकून मी जांभया द्यायची. त्या दिवशी जांभई आली नाही. अंगावर काटा आला आणि तरी पायडल मारत राहिले.

एक बाई माझ्याबरोबर मागे पडल्या होत्या. स्वभावाने चांगल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. लक्ष्मी असते केरसुणी."

मी मान डोलावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

खरी भीती दुसऱ्या दिवसाची होती. ताफा आमच्या फाट्यावरून जाणार होता आणि मीच आईला फोनवर सांगून ठेवलं होतं, "अकराला फाट्यावर ये, मला बघ." आई तीस वर्षं लोकांची अंगणं झाडत आलीय. मला तिने कधी कोणाच्या दारात झाडू धरू दिला नाही. म्हणायची, "झाडायचं ते माज्यापाशी सपलं." तिने मला असं बघितलं तर? माझ्या डोक्यात तेवढंच होतं. सरळगाव गेलं, उजव्या हाताला सिद्धगड दिसायला लागला, आणि मला घाम फुटला तो चढाचा नव्हता.

फाट्याच्या अलीकडे मी थांबले. पक्कडीने पट्ट्या तोडल्या आणि सामान घेऊन मागून येणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरदादाच्या हातात केरसुणी दिली. "आत ठेवा." त्याने ती केळ्यांच्या खोक्यामागे सारली. सरांना तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. लपवायची होती.

फाट्यावर पाणी-केळ्यांचा थांबा होता. आई आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून, वाडीतल्या चार बायका घेऊन. माझ्या हेल्मेटला हात लावून म्हणाली, "ह्ये काय गो डोक्याला? लय भारी दिसतंस." बायका हसल्या. मीही हसले, खरं हसले.

व्हॅनमधून केळी काढताना सरांना केरसुणी सापडली.

"अरे, हिची शेपटी कोणी काढली?" असं म्हणत ते आले आणि माझ्या सीटपाशी बसून पुन्हा बांधायला लागले.

आईने पाहिलं. तिला शर्यत-बिर्यत काही ठाऊक नाही. तिला जे कळायचं ते एका नजरेत कळलं. ती पुढे आली.

"सर, ती माज्याकडं द्या. पोरीला नको. तुमाला झाडून पायजे ना? मी झाडते."

त्यांच्या हातातून केरसुणी घेतली आणि वाकली. पाहुण्यांनी टाकलेल्या केळ्यांच्या साली, कागदी पेले. ठेवणीतलं लुगडं खोचून माझी आई रस्ता झाडायला लागली. पोरीची नोकरी राहावी म्हणून.

"अहो मावशी, राहू द्या," सर हसत म्हणाले. कोणी मोबाईल वर धरला. "सो स्वीट," असं ऐकू आलं.

मी उभी होते. आई झाडत होती आणि मी उभी होते. पाच-सात हात फिरले असतील केरसुणीचे. तेवढा वेळ मी कधीच परत आणू शकणार नाही.

मग मी आईच्या हातातून ती घेतली आणि सरांच्या हातात दिली.

"ज्यांनी केळी खाल्ली त्यांनी साली उचलायच्या. मी मागे राहीन, ते माझं काम आहे. झाडू बांधून नाही."

"गंमत होती गं. इतकं मनाला लावून घ्यायचं?"

"आमच्या माणसांच्या कमरेला बांधत होते, सर. तुम्ही सायकलला बांधलात."

"जुन्या गोष्टी आहेत त्या."

ज्याचं जळतं त्याला कळतं. मी नजर खाली घातली नाही. सर हळू आवाजात म्हणाले, "मग तुला या टीममध्ये जमणार नाही." मी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. सायकल त्यांचीच होती. त्या चांगल्या बाईंनी आपली साल उचलली. बाकीचे आपापल्या सायकलीकडे बघत राहिले.

वाडीच्या वाटेवर आई माझ्यावरच चिडली. "कशाला गो भांडलीस? मी झाडून टाकला असता. दोन मिंटाचा काम." आपल्याच पोटावर पाय दिलास म्हणाली. वर्ष झालं, त्यावर ती पुन्हा बोललेली नाही. फक्त त्या दिवसापासून ती फाट्यावरून जात नाही. कामाला जायचं तर शेताच्या बांधावरून वळसा घालून जाते. विचारलं तर म्हणते, "हिकडून जवल पडतं." जवळ पडत नाही. पाऊण तास जास्त लागतो. कोणी अंगण झाडत असलं की मी अजून दचकते, पण माझं सोडा. माझ्या आईचा रस्ता गेला.

गेल्या आठवड्यात सरांचा मेसेज आला. "यंदा येशील का? झाडू नाही, प्रॉमिस." पुढे हसरा चेहरा.

मी लिहिलं, "आधी फाट्यावर माझ्या आईची माफी मागा. सगळ्यांसमोर. हसायचं नाही. मोबाईल खिशात."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

न येवो. मुरबाडहून माळशेजला ताफा न्यायचा तर याच रस्त्याने न्यावा लागेल. तारीख मला माहीत आहे. मी पुन्हा पॅकिंगला लागलेय, तिथे त्या दिवसाची रजा टाकली आहे. आई म्हणते, नको जाऊस. मी जाणार. कडेला नाही, रस्त्याच्या मधोमध उभी राहणार. त्यांना ब्रेक दाबून पाय टेकावेच लागतील. मग आई जिथे वाकली होती ती जागा दाखवीन आणि म्हणेन, सर, इथे उभे राहून बोला.