शिदोरी नावाचं फोल्डर

बाळारामकाकांच्या दीपाचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होते. वर्गात फोन घ्यायचा नाही, हा माझाच नियम. पण तिचं नाव पाहिलं आणि व्हरांड्यात आले. "सुमनताई, बाबा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा मागितला. मी गाळून आणेपर्यंत..." मी वर्गात परत गेले, राहिलेली आकृती फळ्यावर पूर्ण केली, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि शहापूरची एसटी पकडली. बाळारामकाकांचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. शटर खाली होतं. समोर जमलेल्या माणसांपैकी प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता... "आमच्या लग्नाला तेच होते."

बाळारामकाका लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचे. त्यांचं मूळ गाव उंबरमाळीच्या बाजूला डोंगरात. दहावी नापास झाल्यावर ते एका फोटो स्टुडिओत कामाला लागले, आणि पुढे स्वतःचा कॅमेरा घेऊन शहापूर आणि मुरबाड असे दोन्ही तालुके त्यांनी पायाखाली घातले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या ताईच्या लग्नात, शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास. टोकावड्याच्या पुढे आमचं गाव. तिथं लग्नाला शूटिंग येणार ही तेव्हा मोठी गोष्ट होती. ताईच्या सासरची मंडळी शहापूरची, त्यांनीच काकांना धाडलं होतं. खांद्यावर भलामोठा कॅमेरा आणि मांडवाच्या खांबाला बांधलेला हॅलोजन. तो लागला की बायका पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. "आगो मावशी, पदर सोड, नायतर कॅसेटमधी नुसता पदरच दिसंल," काका ओरडायचे. खांबाआड लपलेल्या एका म्हाताऱ्याला ते म्हणाले, "आजोबा, भाईर या. पोलिसात नाय द्यायचं तुमाला."

त्यांची एक पद्धत होती. मंगलाष्टकं, माळा हे सगळं झाल्यावर दुसरे शूटिंगवाले जेवायला बसत. काका आधी पंगतीत कॅमेरा घेऊन शिरायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पान, प्रत्येक चेहरा. मग वाढपी, मग मांडवाच्या मागे चुलाणावर घाम पुसणारे आचारी, भांडी घासणाऱ्या बाया. सगळं झालं की कॅमेरा बंद करण्याआधी मोठ्यानं विचारायचे, "कोण राह्यलं का?" कुणी ना कुणी राहिलेलं असायचंच. त्याला ओढून आणलं जायचं आणि मगच कॅमेरा बंद व्हायचा. महिन्याभरानं कॅसेट आली. शाळेच्या ओट्यावर भाड्याचा टीव्ही लावून अख्ख्या गावानं ती पाहिली. नवरा-नवरीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जो तो स्वतःला शोधत होता आणि सापडला की ओरडत होता. आबा, म्हणजे माझे वडील, भाताची पाटी घेऊन वाकलेले दिसले, तेव्हा ते ओट्यावरच्या अंधारात लाजून हसले. आबांचा तोवर एकही फोटो नव्हता.

बारावीनंतर मी ताईकडे राहून शहापूरला कॉलेज करू लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. काकांचं दुकान वाटेवर होतं. कॅसेटी मागे पडून सीडी आल्या होत्या आणि काकांनी कॉम्प्युटर घेतला होता. मिक्सिंग करायला ते कुणाकडून शिकले नव्हते. बटणं दाबून, चुकून, पुन्हा दाबून शिकले. पडद्यावर इंग्रजीत काही आलं की मला हाक मारायचे, "सुमन गो, हा काय म्हणतोय बघ जरा." मी वाचून अर्थ सांगायचे. या सांगण्याचा मला नकळत गर्व झाला होता, हे आज कळतं.

बी.एस्सी. झाल्यावर पुढे शिकायचं तर एकच मार्ग होता. एक संस्था ग्रामीण भागातल्या मुलांना पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायची. त्यासाठी आपल्या भागातला एखादा विषय निवडून तो कल्याणला समितीपुढे स्लाइड दाखवून मांडायचा होता. ती मिळाली नाही तर मला गावी परतायचं होतं. एक स्थळही सांगून आलं होतं. मी विषय घेतला राबाचा. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. मी पुस्तकांतून माहिती काढली, तक्ते केले. काकांनी ते पाहिले आणि विचारलं, "ह्यात राब कुठं हाय?" मी म्हटलं, "हे काय, चौथ्या स्लाइडमध्ये." ते म्हणाले, "ही अक्षरं झाली. राब भाजणारा माणूस कुठं हाय?"

मे महिन्यातल्या एका पहाटे ते हँडीकॅम घेऊन आमच्या शेतावर आले. वारा पडलेला होता. आबा हातात ओला फोक घेऊन जाळ आवरत होते. कॅमेरा पाहून ते थांबले. "आमी काय सांगणार? ही पोरगी शिकलेली, तिला इचारा." काका म्हणाले, "ती पुस्तकातलं सांगंल, आबा. तिला राब कुणी दाखवला, तं तुमी सांगा." मग आबा बोलले. भाजलं की तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, वेळी रोप उपटताना मूळ तुटत नाही... आणि शेवटी म्हणाले, "मूळ तुटलं का रोप जगतं, पर रुसून जगतं."

ती क्लिप स्लाइडमध्ये बसवायला आम्हाला दोन दिवस लागले. फाइल फार मोठी होती. काकांनी ती लहान केली. क्लिपच्या शेवटी काकांचा स्वतःचा आवाज येत होता. मी म्हटलं, "काका, तेवढं कापा. अभ्यासाचं आहे." त्यांनी मुकाट्यानं कापलं. मग त्यांनी एक फोल्डर तयार केलं, त्याला शिदोरी असं नाव दिलं, आधी क्लिप त्यात ठेवली, मग माझी फाइल, आणि तिथूनच क्लिप स्लाइडला जोडली. "ध्यान दे," ते म्हणाले. "ही स्लाइडच्या पोटात नाय गेलेली. स्लाइडला फक्त तिचा ठावठिकाणा माहीत हाय. आख्खं फोल्डर न्यायचं. फडकं घेतलं नि भाकर चुलीपाशी राह्यली, असं करू नको." मी मान हलवली. मी सायन्सची, काका दहावी नापास... मान हलवली, ऐकलं नाही. त्यांनी गळ्यातल्या दोरीचा पेन ड्राइव्ह काढून माझ्या गळ्यात घातला. तेव्हा तेवढ्याशा पेन ड्राइव्हचंही मोल होतं.

कल्याणला जायच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये मला आणखी काही फोटो घालायचे होते. पेन ड्राइव्हवर जागा उरली नव्हती. स्लाइड उघडून पाहिली, तर आबांचं चित्र तिथं दिसत होतं. मग बाहेर तीच क्लिप दुसऱ्यांदा कशाला ठेवायची? मी ती पुसून टाकली आणि फोटो भरले.

कल्याणला आबा येऊ शकले नाहीत, आवणी सुरू होती. ताईचे सासरे आजारी होते. माझ्यासोबत काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते मागच्या खुर्चीवर बसले. समितीत तिघं होती, मधल्या बाई अध्यक्ष. सहाव्या स्लाइडपर्यंत सगळं नीट झालं. सातव्या स्लाइडवर आबा आले. हातात फोक, मागे धूर, तोंड किंचित उघडलेलं. मी क्लिक केलं. काहीच झालं नाही. पुन्हा केलं. आबा तसेच, काहीतरी सांगायच्या बेतात उभे. मागं कुणीतरी हसलं. बाईंनी विचारलं, "काय झालं?"

त्या क्षणी मला समजलं होतं. फडकं आणि भाकर, सगळं एकदम आठवलं. आणि तरी मी म्हणाले, "शूटिंगवाल्यांनी क्लिप नीट टाकली नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका हात जोडून उभे होते. "चूक माझी झाली, मॅडम. पोरीची काय चूक नाय. पर तिचे आबा काय बोलले तं तिला तोंडपाठ हाय. तिला दोन मिन्टं द्या." मग माझ्याकडे वळून, पंगतीत बोलायचे तसंच, "सांग गो. आबा बोलतात तसंच सांग."

मी सांगितलं. पडद्यावरच्या थांबलेल्या आबांच्या शेजारी उभी राहून, आमच्या घरच्या बोलीत. कॉलेजात तीन वर्षं मी ती बोली जिभेखाली दाबून ठेवली होती. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ते रुसून जगण्याचं पुन्हा एकदा सांगा." आणि ते त्यांनी लिहून घेतलं. शिष्यवृत्ती मला मिळाली. पुढचं माझं सगळं शिक्षण, आजची नोकरी, त्यातूनच आली.

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर पाहत होते. काकांनी शेंगदाण्यांची पुडी उघडून माझ्यापुढे धरली. "आबांसारखेच हात हालवत व्हतीस," एवढंच ते बोलले. शहापूरला उतरल्यावर मी पेन ड्राइव्ह त्यांना परत दिला. आज ना उद्या ते तो कॉम्प्युटरला लावणार, फोल्डर उघडणार, आणि कोणती फाइल नाही ते त्यांना दिसणार, हे मला कळत होतं. पंधरा दिवस मी त्या गल्लीतून गेले नाही. स्टँडला लांबून वळसा घालायचे. शेवटी एका सकाळी त्यांनीच मला रस्त्यात गाठलं. "काय गो, पास काढलास का? कॉलेज कधी चालू व्हतंय?" बस. ना त्या दिवशी, ना नंतर कधी, त्यांनी तो विषय काढला. मीही काढला नाही. सुरुवातीला लाज वाटायची, मग उशीर झाला असं वाटायला लागलं. उशीर झाला की गोष्ट अवघड होते, आणि अवघड झाली की आणखी उशीर होतो...

तालुक्यात मात्र ते वाक्य पसरलं. त्या दिवशी सभागृहात आमच्या बाजूची आणखी मुलं होती. "बाळारामनं पोरीची क्लिप बिघडवली," असं लोक चेष्टेनं म्हणायचे. एकदा माझ्यासमोरच एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, आमची सीडी तरी चालंल ना?" काका हसून म्हणाले, "नाय चालली तं तुमीच नाचून दाखवा." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या दिवाळीत मी सांगायचं ठरवूनच गेले होते. साखरेनं त्यांचा पाय धरला होता. लग्नाची कामं आता नवी मुलं करत होती, आणि काका दुकानात बसून लोकांच्या जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचे. टीव्हीवर कुठल्याशा गावची पंगत चालू होती. "ह्यातली निम्मी माणसं गेली गो," ते म्हणाले. "घरचे येतात नि सांगतात, काका, आमच्या बाचं एवढंच हाय." मी म्हटलं, "काका, मला एक बोलायचंय." त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात टोकावड्याचे एक गृहस्थ पिशवीभर कॅसेटी घेऊन आत आले. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बोलू." काका म्हणाले, "बोल की सावकाश. मी कुठं जातोय?"

म्हणून आज इथं लिहिते. कल्याणच्या सभागृहात चालली नाही ती क्लिप बाळारामकाकांनी बिघडवली नव्हती. त्यांनी ती नीट बसवून, समजावून सांगून दिली होती. मी ती पुसली, आणि चारचौघांत दोष त्यांच्यावर ढकलला. ज्यांनी तेव्हा ते ऐकलं, त्यांनी हेही ऐकावं.

मी आता शिकवते. माझे विद्यार्थी स्पर्धेला निघाले की मी त्यांचं फोल्डर उघडायला लावते, क्लिप आहे का, आवाज आहे का, एकेक फाइल बोटानं दाखवायला सांगते, आणि शेवटी विचारते, "कोण राहिलं का?" मुलांना याचं हसू येतं.

दिवसकार्य झाल्यावर दीपानं मला फिल्मच्या रोलची एक काळी डबी दिली. झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर काकांच्या अक्षरात माझं नाव. आत दोरीसकट तोच पेन ड्राइव्ह होता. घरी येऊन लावला. शिदोरी फोल्डर तसंच होतं. त्यात माझी फाइल होती, मी भरलेले सुटे फोटो काढून जागा केलेली होती, आणि फाइलच्या शेजारी क्लिप, होती त्याच नावानं परत ठेवलेली. तारीख पाहिली. आम्ही कल्याणहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

सातव्या स्लाइडवर गेले. क्लिक केलं. इतक्या वर्षांनी आबा बोलू लागले. तण, माती, मूळ... रुसून जगण्यापाशी मी हात पुढे केला, कारण तिथं क्लिप संपत होती. पण ती संपली नाही. कल्याणचं मांडून झालं होतं, कापून ठेवायचं कारण उरलं नव्हतं. काकांनी अख्खी ठेवली होती. जाळ निवत आलेला, धूर खाली बसलेला, आणि कॅमेऱ्याच्या मागून त्यांचा आवाज, "झालं, आबा. कोण राह्यलं का?"

आबा मागे वळून शेताकडे पाहतात, खरंच कुणी राहिलं का ते शोधतात. मग म्हणतात, "बैल राह्यलं की."

"मंग त्यांना कसं सोडायचं?" असं काका म्हणतात. चित्र हलतं, ढेकळांवरून चालत्या पावलांचा आवाज येतो, आणि बांधावरचे आमचे दोन्ही बैल हळूहळू जवळ येत जातात.