साच्यांनी सोडलेली जागा

चिखलीच्या त्या गल्लीत साचे घडवणारे कारखाने पुष्कळ आहेत. परंतु पोलादाचा ठोकळा यंत्रावर चढवण्यापूर्वी त्यावरून तळहात फिरवून क्षणभर डोळे मिटणारे एकटे नंदकिशोरच. अर्जुनरावांच्या कारखान्यात मोटारींच्या प्लास्टिकच्या भागांचे साचे होत. ठोकळ्याचा गाभा यंत्राने कोणत्या क्रमाने, किती वेगाने कोरावा हे सांगणारे प्रोग्रॅम नंदकिशोर लिहीत. कोणत्या कोपऱ्यात कोरणारे हत्यार थरथरते, कोणते पोलाद तापल्यावर हट्टाला पेटते, हे ते हत्यारे मोडून मोडून शिकले होते. ती सारी विद्या आता यंत्राजवळच्या एका वयोवृद्ध संगणकात साठलेली होती.

त्या संगणकाची डिस्क तोकडी आणि काठोकाठ भरलेली. तिला हात लावायला अर्जुनराव धजत नसत. प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना त्याच संगणकाशी बांधलेला होता, आणि तो देणाऱ्या मंडळींनी आपले दुकान कधीच गुंडाळले होते.

अशात चाकणच्या ज्या बड्या कंपनीसाठी हे साचे होत, तिने कळवले की यापुढे प्रत्येक पुरवठादाराच्या प्रत्येक संगणकावर अँटिव्हायरस असलाच पाहिजे. ऑडिटच्या वेळी तो पाहिला जाईल. मागणी अवास्तव नव्हती. इथे पेनड्राइव्ह या कारखान्यातून त्या कारखान्यात विड्याच्या तबकासारखा फिरतो, आणि फोल्डर अदृश्य होऊन त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट उरल्याचे प्रसंग गल्लीने अनुभवलेले होते.

नंदकिशोर कामाला लागले. थेरगावला डांगे चौकातल्या संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे त्यांनी दोन रविवार घालवले. डिस्कवर किती जागा अडते, स्मृती किती खाल्ली जाते, जुन्या विंडोजवर चालतो का, पेनड्राइव्ह लावताक्षणी तपासतो का, सारे प्रश्न त्यांनी वधूपित्याच्या चिकाटीने विचारले. अखेर एक हलका, मितभाषी अँटिव्हायरस गवसला. तो बसला तरी एकाही साच्याचा प्रोग्रॅम हलवावा लागला नाही. पावसात न्हालेल्या वृक्षाकडे पाहावे तसे ते त्या पडद्याकडे समाधानाने पाहत राहिले.

अर्जुनरावांचा पुतण्या सलिल नुकताच इंजिनिअर होऊन कारखान्यात आला होता. ऑडिटच्या आदल्या दिवशी, जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवून घेताना, त्याने नंदकिशोरांना सांगितले की हा अँटिव्हायरस चालणार नाही. कंपनीला दोनच नावे मान्य आहेत आणि ती दोन्ही भारदस्त. नंदकिशोरांनी समजावले की संरक्षण तेच आहे, केवळ देह लहान आहे.

"काका, तो काय काम करतो ते कोणी बघणार नाही," सलिल म्हणाला. "नाव बघतील आणि हिरवी खूण बघतील. जुन्या साच्यांचं ते फोल्डर उडवा, जागा होईल."

एवढे फोल्डर पेनड्राइव्हवर मावणारे नव्हते, म्हणून नंदकिशोरांनी बाहेरची एक डिस्क मागितली. ऑडिट झाल्यावर पाहू, असे उत्तर मिळाले. अर्जुनराव मान खाली घालून उभे राहिले. कंपनीचे काम गेले तर कारखानाच राहणार नव्हता.

नंदकिशोरांना एक आधार होता. काम अंगावर आले की साचा शेजारच्या कारखान्याला द्यायचा आणि त्याच्याबरोबर प्रोग्रॅमही द्यायचे, अशी गल्लीची जुनी रीत. त्यामुळे त्यांच्या बहुतेक साच्यांची प्रत पलीकडच्या दत्तोबांच्या संगणकात होती, आणि दत्तोबांच्या साच्यांची यांच्याकडे. देवघरातली वस्तू शेजाऱ्याकडे सोपवून निर्धास्त प्रवासाला जावे, तशा विश्वासाने त्यांनी फोल्डर पुसले. दत्तोबांचेही पुसले, मूळ त्यांच्याकडे असणारच.

भारदस्त अँटिव्हायरस बसला, हिरवी खूण उमटली, ऑडिटरने ती पाहिली आणि चहा घेऊन तो निघून गेला.

पावसाळा सरला तेव्हा कंपनीने गाडीच्या मागच्या दिव्याच्या घराचा, म्हणजे दिवा बसतो त्या प्लास्टिकच्या कवचाचा, जुना साचा पुन्हा मागवला. नंदकिशोर पेनड्राइव्ह घेऊन दत्तोबांकडे गेले. दत्तोबा हात पुसत बाहेर आले, आणि मागणी ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

"आमच्याकडं बी त्योच ऑडिटर आलता, नंदूभाऊ. डिस्क भरल्याली. म्हटलं, तुमचं वझं कशापायी ठिवू? मूळ तुमच्याकडं हायच की."

"माझ्याकडे नाही, दत्तोबा. मी तुमच्या भरवशावर पुसलं. तुमचंही पुसलं."

दत्तोबा उंबऱ्यावरच बसले. मग कसनुसे हसून म्हणाले, "मंग व्हायरसला चोराया आता आपल्याकडं काय बी न्हाई."

दोघांनीही एकमेकांना बोल लावला नाही. विचारायला ओलांडायची ती एक गल्ली होती, आणि ती दोघांपैकी कोणीच ओलांडली नव्हती.

कारखान्यात परतून नंदकिशोरांनी घडले ते सांगितले. थोड्या वेळाने त्यांना काचेच्या खोलीतून सलिलचा आवाज ऐकू आला. तो कंपनीला फोनवर सांगत होता की आमच्या जुन्या ऑपरेटरच्या हातून चुकून डेटा डिलीट झाला आहे, थोडी मुदत द्या. अर्जुनराव समोरच बसले होते. त्यांनी काचेतून नंदकिशोरांना पाहिले आणि ते समोरचा कागद वाचू लागले.

नंदकिशोर संगणकापाशी बसले. दिव्याच्या घराचा तो अरुंद कोपरा त्यांना स्पष्ट आठवत होता. तिथे वेग कमी केला होता, हेही आठवत होते. किती कमी, ते मात्र आठवेना. ते एकदा संगणकाला सांगितल्यावर आपण लक्षात ठेवायचे कारण उरले नव्हते. भारदस्त अँटिव्हायरसची तपासणी चालू असल्याने प्रत्येक ओळ पडद्यावर उमटायला वाट पाहावी लागत होती. त्यांनी अदमासाने एक आकडा घातला, पोलादावरून तळहात फिरवला आणि यंत्र सुरू केले.

कोपऱ्यात हत्यार मोडले. त्यांनी यंत्र थांबवले, तुकडा चिमट्याने काढला, आणि उमेदवारीच्या पहिल्या दिवसांत मोडत असत तसे मोडण्यासाठी कपाटातून दुसरे हत्यार घेतले.