दगडावरचं चौथं नाव

बोरिवलीच्या पुढे हायवेपासून दगडखाणीचा कच्चा रस्ता फुटायचा. त्या वळणावर काळ्या दगडाचा एक स्मृतिस्तंभ होता. सत्त्याहत्तर साली खाणीत अवेळी सुरुंग उडाला आणि पाच कामगार गेले, त्यांची नावं त्यावर कोरली होती. चौथं नाव दत्ताराम चिंदरकर. बाकी चौघांचे देह मिळाले, दत्तारामची नुसती एक चप्पल.

त्याच्या जागेवर त्याच्या बायकोला, जानकीला, खाणीच्या ऑफिसात झाडलोटीचं काम मिळालं. लोक हळहळायचे, ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. खरं तर नवरा गेल्यावरच तिला मोकळा श्वास घेता आला होता. दत्ताराम पिऊन यायचा आणि हाताला येईल त्याने मारायचा. नऊ वर्षं झाली तरी दाराची कडी वाजली की तिचा हात आपसूक डोकं झाकायला वर जाई.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये, अपघाताच्या तारखेला, ती सकाळी काथ्याने दगड घासत होती. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"जानके, वळाखलंस?"

काथ्या हातातून गळाला. दाढी पांढरी, गाल बसलेले, पण आवाज तोच.

"तुम्ही... तुम्ही होतात कुठे?"

"वापीक, गुजरातेत." तो दगडाकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी पिऊन होतंय. इशाऱ्याची शिटी वाजवूक इसारलंय, आणि सुरुंगाची वात पेटवलंय. कामावरची पोरां खालीच होती. मी पळालंय. आता खोकलो सुटना नाय. घराक येतंय."

त्याने तिचं मनगट धरलं. पकड जुनीच, तश्शी. हा घरात शिरला तर पुन्हा तेच सगळं. आणि गप्प राहिले तर उद्या दारात उभा राहीलच. आणि सांगितलं तर नोकरी जाईल, लोक म्हणतील, हिला ठाऊक होतं.

इतक्यात हातात मेणबत्त्या घेऊन मार्सेलिना आली. दगडावरचं पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं, झेवियरचं. दोघी नऊ वर्षं बरोबरच इथे येत होत्या.

"जानकी, कोण गं हा?"

दत्तारामने झटकन मनगट सोडलं. जानकीने त्याच्याकडे बघितलं आणि ती चमकली. त्याचे ओठ थरथरत होते. याला आपण कधी घाबरलेला बघितला नव्हता.

"दत्ताराम आहे," ती म्हणाली. "माझा नवरा. मेला नाही. शिटी न वाजवता यानेच वात पेटवली होती."

मार्सेलिनाने मेणबत्त्या दगडाच्या पायथ्याशी ठेवल्या. मग पुढे होऊन तिने हळूच विचारलं, "माझा झेवियर शिटीची वाट बघत असेल ना रे?"

दत्ताराम मागे सरकला. आणखी मागे. मग वळून हायवेच्या पलीकडे धावत सुटला. एक ट्रक करकचून थांबला, ड्रायव्हरने शिवी हासडली. ट्रक पुढे गेला तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

जानकी तापाने तीन दिवस अंथरुणाला खिळली. चौथ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने फाईल उघडलीसुद्धा नाही. "बाई, कागदावर तो मेलाय. आता कशाला उकरून काढता? जा, पाणी भरा."

नोकरी राहिली, भीतीही राहिली. दाराला ती पाटा लावून झोपायची. महिनाभर मार्सेलिना सोबतीला येऊन राहिली. एकदा जानकीने तिला विचारलं, "तू माझ्यावर रागावली नाहीस?"

"तुझ्यावर का? तू तर सांगितलंस. तो परत आला तर मला हाक मार."

दत्ताराम काही परत आला नाही. जिवंत आहे की नाही, तेही जानकीला कधी कळलं नाही. कुणी विचारलं तर आपण विधवा आहोत असं सांगणं मात्र तिने त्या मार्चपासून सोडून दिलं.