शिगोशीग वाटी

बीडजवळच्या पालीच्या बायनाबाईला नारायणगडाच्या जत्रेत गुळाच्या पाकातल्या गुडीशेवेचं दुकान मांडायचं होतं, आणि तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की सारं गाव कामाला लागायचं. नवऱ्यामागं एकटी राहणारी बाई. हाताला चव होती, पण घरात गुळाचा खडा नव्हता. निजामाच्या त्या अमलात बाईमाणसाला उधारीवर माल देणारा बीडमध्ये एकच व्यापारी, गुंडप्पा. तोही आधी घर पाहायला यायचा.

मग काय विचारता! बायनाबाईनं मैत्रीण छबुबाईची सरी गळ्यात घातली, मुक्ताबाईचा तांब्याचा हंडा दारात मांडला आणि आपलं कौतुक करायला त्या दोघींनाच ओसरीवर बसवलं.

गुंडप्पानं सरीकडं पाहिलं नाही, हंड्याकडंही नाही. पाणी पिऊन म्हणाला, "बाई, गावात तुमचं कुणासंगं वाकडं हाय?"

बायनाबाईचं तोंड उतरलं. पण सगळ्या गावाला ठाऊक असलेलं लपवायचं कसं?

"साखराबाईसंगं. भिंतीपल्याड ऱ्हाती. बोलणं न्हाई आमचं."

"मग तिलाच इचारतो."

झालं, जत्रा बुडाली! बायनाबाई भिंतीला कान लावून उभी राहिली.

"लई तोंडाळ बाई," पलीकडून साखराबाई कडाडली. "तिच्या शेळीनं माझे पापड खाल्ले, अन् वर मलाच बोलली."

"उसनं काई नेलतं का तिनं?"

"भांडणाच्या आदी वाटीभर पीठ नेलतं."

"मग बुडवलं आसंल."

साखराबाई फणकारली. "बुडवील कावून? भांडणाच्या दुसऱ्या दिशी उंबऱ्यावर ठिवून गेली. त्वांड फिरवूनच. पण वाटी नेलती सपाट, आणली शिगोशीग."

गुंडप्पा परत आला तो हसतच. "गुळाला गाडी धाडा, बाई. अन् ती सरी जिची तिला देऊन टाका."

जत्रेच्या आदल्या दिवशी पहिला घाणा उतरला. बायनाबाईनं वाटी शिगोशीग भरून साखराबाईच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तोंड फिरवून परतली.

थोड्या वेळानं भिंतीवरून आवाज आला, "पाक कच्चा हाय."

"मग ये अन् तूच धर," बायनाबाईही ओरडली. तिचे डोळे भरले होते.

जत्रेत दुकानामागं दोघी बसल्या होत्या, आणि दिवसभर भांडत होत्या.