कॉम्प्रेसरच्या रिंगा

आमच्या पुढच्या खोलीत शिलाईच्या मशिना आणि मागच्या पडवीत हवेचा कॉम्प्रेसर. बायको शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवायची, आता सून शिवते. शिवताना मशिनीत कपड्याचं तूस बसतं. ते हवा मारून उडवायचं. त्यासाठी, मी पॉवरलूमवर कामाला होतो तेव्हा, हा कॉम्प्रेसर जुनाच आणला होता.

बायको मागच्या उन्हाळ्यात गेली. लोक म्हणतात, ती वरनं बघत असेल. मी म्हणतो, बसून बघायला तिला कधी सवड होती?

यंदा कॉम्प्रेसर बिघडला. टाकी भरायला लई वेळ घ्यायचा आणि हवेबरोबर तेल फेकायचा. पांढऱ्या शर्टावर डाग. सून वैतागली. पोरगा म्हणाला, "अण्णा, रविवारी भंगारवाल्याला देतो. आता बिनआवाजाचे मिळतात, तसला आणू."

बिनआवाजाचा म्हणाला तिथंच मला लागलं. रात्रपाळी करून मी दुपारी झोपायचो तेव्हा मागं हा धडधडायचा. मला कळायचं, ती कामाला लागली. ती गेल्यावर घरातलं सगळं बदललं, हा आवाज तेवढा तसाच राहिला. हे पोराला काय सांगायचं? म्हणलं, "रविवारपर्यंत थांब. मी बघतो."

तेल काढलं, हेड उघडलं, पिस्टन बाहेर घेतला. रिंगा झिजून पातळ झाल्या होत्या. तेल वर येणारच. रुमालात बांधून त्या दुकानात नेल्या.

दुकानदार म्हणाला, "काका, आता नवीनच घ्या की."

म्हणलं, "तू म्हातारा झालास की तुझ्या पोरानं पण नवीन बाप आणायचा का?"

हसला आणि रिंगा, व्हॉल्वच्या पट्ट्या, हेडखालचं पॅकिंग, सगळं काढून दिलं.

रिंगा नीट बसवल्या. रिंग एका जागी चिरलेली असते, ती तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नसतात, एवढं मला ठाऊक होतं. चुकलो ते पुढं. लूमवर आमी नट कसे आवळायचो, तर एका कडंनं धरून ओळीनं, अंगातलं सगळं बळ लावून. लूम हादरतो, ढिलं राहिलं की सुटतंय. हेडचे बोल्ट मी तसेच आवळले. चालू केलं तर एका बाजूनं फुसफुस. साबणाचा फेस लावला, तिथंच बुडबुडे आले. तिथं अजून आवळलं, तर पॅकिंग फाटलं.

शनिवारची संध्याकाळ होती. पोरगा कामावरनं आला, बघितलं आणि काही न बोलता आत गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

सून चहा घेऊन आली. वाकून बघितलं. "मामा, एका कडंनंच आवळत गेलाव व्हय?"

"मग काय नाचत आवळू?"

"आत्या जुन्या लुगड्यांची वाकळ घालताना काय करायच्या? आधी हा कोपरा टाचायचा, मग त्याच्या समोरचा. एका कडंनं टाके घालत गेलं की दुसऱ्या कडंला फुगा येतो म्हणायच्या. मला एकदा सगळं उसवायला लावलं हुतं."

 बायको वाकळ घालताना कापड सरकू नये म्हणून मी वर बसायचो. म्हणायची, "तुमी नुसतं बसा, तेवढंच येतंय तुमास्नी." इतकी वर्षं बसलो, पण तिचा हात कुठनं कुठं जातो ते कधी बघितलं न्हाय. सुनेनं बघितलं.

रविवारी सकाळीच दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काय काका, बाप बदलला का?" म्हणलं, "पॅकिंग दे."

या वेळी सगळे बोल्ट आधी हातानं लावले. मग थोडा हा, थोडा समोरचा. सून शेजारी बसून बोट दाखवायची. "आता त्यो. न्हाय, त्याच्या समोरचा. एवढं बळ कशाला?" शिवण सासूकडनं शिकली, बोलणं पण तिच्याकडनंच शिकली.

नवीन तेल ओतलं, बटण दाबलं. धडधड सुरू झाली. फेस लावून बघितला, एक बुडबुडा न्हाय. टाकी पटकन भरली आणि कॉम्प्रेसर आपोआप थांबला. सुनेनं पांढऱ्या कापडाचा तुकडा नळीपुढं धरला, हवा मारली, उजेडात धरून बघितला. डाग नव्हता.

पोरगा टॉवेलवरच बाहेर आला. "भंगारवाला दारात आलाय, अण्णा. त्याला काय सांगू?"

सून म्हणाली, "तुमची ती सायकल द्या की."

"सायकल नीट हाय माझी," म्हणत तो भंगारवाल्याला वाटेला लावायला गेला.

दुपारी मी आत पडलो. सुनेनं मागं कॉम्प्रेसर लावला. ऐकत पडलो आणि रडू आलं. येऊ दिलं. मग उठून तोंड धुतलं. रात्री जेवायला बसलो तर सून म्हणाली, "मामा, अजून एक भाकरी टाकू का?"

म्हणलं, "टाक."