शाळवात बांधलेली टेप

दादाला गाण्याची आवड होती म्हणणं म्हणजे पंचगंगेला ओढा म्हणणं. नव्वदच्या दशकात कसबा बावड्यातली समदी पोरं सिनेमाची गाणी ऐकायची. हा पठ्ठ्या कुठनं कुठनं वेगळ्याच कॅसेटी आणायचा. गिटारवर लोकगीतं, ढोलकीच्या जोडीला ड्रम, कव्हर झेरॉक्सचं आणि कंपनीचं नाव कुठंच नाही.

"कुणाच्या दारात न जाता पोरांनी सोत्ता काढलाय ह्यो अल्बम. ऐक की!"

"तूच ऐक," मी म्हणायचो. "बाया शेतात तण भांगलताना हेच म्हणत्यात. वर गिटार कशाला?"

मग त्यानंही तसलाच एक काढला. आईची भांगलणीची गाणी, त्याची गिटार, मित्राची हलगी. आईलाही त्यानं आपल्याबरोबर गायला बसवलं. वीसेक कॅसेटी भरून लोकांना वाटल्या, एक घरात ठेवली.

दोन-तीन वर्षांनी ऐन पावसाळ्यात दादा गेला. कावीळ झाली आणि आठ दिवसांत खेळ खलास. आईनं टेपरेकॉर्डरवर फडकं टाकलं. आवाज ऐकला की रडू येणार आणि रडलं की पोराचा जीव अडकतो, असं तिचं म्हणणं. "वरीस होऊ दे, मग ऐकीन," म्हणाली. त्या एका दिवसाच्या आशेवर बाई वर्षभर जगली.

आमच्याकडं शाळवात, म्हणजे थंडीतल्या ज्वारीत, दाणं भरलं की जुन्या कॅसेटीतली टेप काढून काठ्यांना ताणून बांधतात. वाऱ्यानं ती घुंई वाजते, उन्हात चमकते, पाखरं बसत नाहीत. त्या थंडीत माझे वडील, आबा, म्हणाले, "पेटीतल्या नको असतील त्या कॅसेटी घे." मी शहाणा! दादाचा अल्बम कव्हरासकट बाजूला ठेवला आणि सिनेमाच्या कव्हरातल्या डझनभर उचलल्या. सगळ्या घरी भरलेल्या, काळ्या, बिनलेबलाच्या. भराभरा टेप ओढून बांधून टाकली. सुगी झाल्यावर धसकटांबरोबर तीही जळून गेली.

वर्षश्राद्धाला कावळा शिवला, पावणं जेवून गेले. आईनं हात धुतले, फडकं काढलं आणि समोर बसली. "लाव आता."

लावली. सिनेमातलं धांगडधिंग्याचं गाणं वाजलं.

दादाची जन्माची खोड, कॅसेट कधी तिच्या कव्हरात ठेवायची नाही. त्यावरनं मीच त्याला किती शिव्या घातल्या होत्या! आणि नेमक्या वेळी माझी अक्कल शेण खायला गेली.

वाटलेल्या कॅसेटींसाठी महिनाभर गावोगाव हिंडलो, हातकणंगल्यापर्यंत जाऊन आलो. कुणी त्यावर भजन भरलेलं, कुणाला दिल्याचंच आठवेना. शेवटी आईपुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "बस हितं."

आणि तिनं गाणं धरलं. आवाज पार खोल गेला होता. एक ओळ म्हणून ती थांबली, माझ्याकडं बघत राहिली. मला कळेना.

"ह्यात दोघं असत्यात," ती म्हणाली. "एकानं इचारायचं, दुसऱ्यानं जबाब द्यायचा. जबाब तुझा दादा द्यायचा. तू ऐकलायस की कॅसेटीत. म्हण."

तिनं ती ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली.

मला जबाब येत नव्हता. घरात इतकी वर्षं ती कॅसेट होती, आणि मी ती एकदाही ऐकली नव्हती.